कमरेत वाकलेली आजी आणि त्राटिकेचे पाय

बाई, तुमची आजी त्या पुस्तकात नाहीच. गेल्या पावसाळ्यात जव्हारच्या वाचनालयात जुनी पुस्तकं रद्दीत काढायला ठेवली होती, त्यांत ते मला सापडलं. पुठ्ठा गेलेला, कोपरे वाळवीने खाल्लेले. पहिली चार वाक्यं वाचली आणि मी तिथेच स्टुलावर बसले. बंगल्यात मेलेला सावकार, आतून कडी लावलेली खोली, थांबलेलं घड्याळ, सगळं तस्संच, तुम्ही शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी आम्हाला वाचून दाखवायचात तसं. फक्त शोध लावणारा कोण, तर हॅट घातलेला, मोटार हाणणारा मुंबईचा एक तरणाबांड गडी! मी पानामागून पान उलटत गेले. आमची आजी कुठेच नाही. बाजारात सुकी बोंबील विकणारी, मशेरी लावून सगळ्यांच्या गोष्टी ऐकत बसणारी, फौजदाराला 'अरे पोरा' म्हणणारी आजी तुम्ही आमच्या देखत, पुस्तक डोळ्यांसमोर उघडं धरून, धडधडीत रचत होतात. आणि आम्ही सगळी पोरं त्या पुस्तकाकडे बघत, तिचं चित्र कधी येतं याची वाट बघायचो.

राग यायला हवा होता, पण मला इतकं हसू आलं की ग्रंथपालाने पाणी आणून दिलं. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली बाई रद्दीपुढे बसून एकटीच हसते म्हटल्यावर त्याला काळजी वाटणारच.

मी आता तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे. तुम्ही तेव्हा तरण्याच होतात, हेही मला हल्लीच कळलंय. आम्हाला बाई म्हणजे बाई, त्यांना वय कसलं? खोडाळ्याच्या पलीकडच्या आमच्या त्या गावात तुम्ही जव्हारहून आलात, शाळेच्या मागच्या खोलीत राहिलात, नवरा जव्हारला, सुट्टीला जाऊन यायचात. गावाने तुम्हाला मान दिला आणि लांबही ठेवलं, दोन्ही एकदम. घरी आलात की ओट्यावर गोधडी अंथरून बसवायचे, चहा बाहेर आणून द्यायचे. आत कुणी बोलवायचं नाही.

शेवटचं प्रकरण तुम्ही कधीच वाचून दाखवलं नाहीत. पुस्तक मिटायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि विचारायचं, "कोण? आणि कशावरून?" मी एकदा मोठ्या तोऱ्यात उठून म्हटलं होतं, "माळी. त्याच्या तोंडावर देवीचे वण आहेत, एक डोळा फुटलाय." तुम्ही असं काही बघितलंत की मला खाली बसावंसं वाटलं. "तोंड वाईट म्हणून चोर? मग बोहाड्यात त्राटिका आली की तिलाही फौजदाराच्या ताब्यात देशील का?" सगळा वर्ग खदाखदा हसला, कारण बोहाड्याच्या सोंगांतली त्राटिका आमच्याच घरची. मग तुम्ही तुमचा तो कायमचा प्रश्न विचारलात, "बघितलंस, की ऐकलंस?" तो प्रश्न मी पुढे नोकरीभर पोरांना विचारला. जव्हारच्या त्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आता मी वाचलं, बाई. माळीच होता! पण वणांवरून नव्हे, हे कबूल.

हल्ली मी गोष्टी वाचून दाखवते त्या बोहाड्यात संबळ वाजवणाऱ्या काकांना. ते आहेत अजून. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन नको म्हणतात, पण कान तिखट. बाजारच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या पडवीत जाऊन बसते आणि भाचीने आणून दिलेली पुस्तकं वाचते. त्यांत आता खरोखरच म्हातारी माणसं शोध लावतात, बाई! तुमच्या आजीसारखी. परदेशातली, मराठीत आणलेली. पेन्शनीत निघालेल्या बायका विणकाम करता करता खुनी पकडतात, म्हातारे चहा पितात आणि पोलिसांना चकवतात. काका ऐकता ऐकता म्हणतात, "ह्या म्हातारीला घरी सून नाय का? येवढा येळ कुठून काढते ती?" मग थोडं पुढे गेल्यावर, "तिला दिसतंय त्या फौजदाराला कसा दिसत नाय?" मी म्हणते, "म्हाताऱ्या बाईकडे कुणी बघत नाही काका, म्हणून तिला सगळं बघता येतं." ते मान हलवतात आणि सुपारी कातरायला घेतात.

पण माझ्या डोक्यातली खरी रहस्यकथा एकच आहे आणि तिचं शेवटचं प्रकरण तुम्हीच मिटून ठेवलंत.

आमच्या गावचा बोहाडा तुम्ही बघितलेला आहे, तरी मी सांगते, कारण सांगता सांगताच मला ते दिसायला लागतं. देवळापुढे सोंगं निघतात, गणपती, मारुती, रावण, वेताळ. एकेका घराकडे एकेका मुखवट्याचा मान. आमच्याकडे त्राटिका, आणि ती निघते उजाडल्यावर, देवीच्या पुढे. ज्या घराचं सोंग एखाद्या साली पेटीतच राहिलं किंवा परक्याने घेतलं, त्या घराचा मान गेला, तो जवळच्या भाऊबंदाकडे जातो. सोंग घेणाऱ्याने आदल्या दिवशी त्या घराच्या चुलीपाशी बसून नागलीची पहिली भाकर खायची. त्या चुलीशेजारीच आमचे देव, तिथे परक्याने पाऊल टाकायचं नाही. आणि सकाळी सोंग देवळाशी पोहोचलं की घरच्या बाईने त्याचे पाय धुवायचे, अंगठ्याला हळदकुंकू लावायचं. इतकंच. एवढ्याशा गोष्टींवर आमच्या घरांची अब्रू टांगलेली असते.

त्या साली माझा बा मोहाच्या झाडावरून पडला. पाय मोडला, तो खाटेवर. माझा भाऊ तेव्हा झोळीत. चुलत्याने दोनदा येऊन सांगितलं, "यंदा त्राटिका माझ्या घरून निघंल, तुम्ही कशाला काळजी करता?" मला आठवतं ते एवढंच की त्या दिवसांत मला सारखं शेळ्या घेऊन बाहेर पिटाळत होते आणि बा खाटेच्या काठावर बोटांनी ठेका धरून बसलेला असायचा. मला वाटायचं, दुखण्यापायी करतोय.

आणि सकाळी त्राटिका आली. मी आईजवळ तांब्या धरून उभी. संबळ वाजतोय, पिपाणी चिरकतेय, आणि गल्लीच्या तोंडातून ते मोठं काळं तोंड, लाल जीभ, बाहेर आलेले दात घेऊन आमची त्राटिका डुलत येते. लुगडं नेसलेली, हाताला काजळी फासलेली, गळ्याभोवती फडकं घट्ट. बासारखी उडी नाही, पण पाय ठेक्यावर चुकत नाहीत. चुलत्याचं तोंड उतरतं. बायका कुजबुजतात, "हिचा मामा आला असंल, सूर्यमाळचा." ती देवळापुढे थांबते. आई वाकते, पाणी घालते, आणि तिचा हात मध्येच थांबतो. मग तिने हळद घेतली आणि अंगठाच नव्हे, सगळ्या बोटांवरून थापली, पार पिवळा लेप. केवढी हळद वाया घालवते ही, असं मला वाटलं.

सूर्यमाळचा मामा नंतर म्हणाला, मी नव्हतो. बाने विचारणाऱ्याला उत्तर दिलं नाही. मग गावाने ठरवून टाकलं की ती देवीच आली होती. मी तुम्हाला शाळेत विचारलं, "बाई, कोण होतं हो?" तुम्ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "तू सगळ्यांत जवळ होतीस. तूच सांग."

मी कित्येक वर्षं मनात आईला नाचवलं. ते शक्य नव्हतं, हे ठाऊक असूनही. तांब्याशेजारी तिचा हात होता, माणूस एका वेळी दोन जागी कसं असेल? पण एवढं धाडस करणारी दुसरी बाई मला सुचायचीच नाही.

यंदा मात्र ते कोडं सोडवणं भाग पडलं. भावाचे दोन्ही गुडघे गेले. त्याला लेक ही एकच, माझी भाची, मोखाड्याला नर्स आहे. लहानपणापासून बापाच्या मागे मागे सोंगात वावरलेली. ती म्हणाली, "आत्या, त्राटिका मी घेणार." भाऊ घाबरला, मी आधी हसले, मग तिचं तोंड बघून हसू आवरलं. गावात बातमी फिरली आणि चुलतभाऊ लगोलग घरी आला. म्हणाला, बाईमाणसाचा पाय त्राटिकेखाली आजवर पडला नाय, मान आता आमच्याकडं द्या. त्राटिका स्वतः बाई, देवी बाई, पण त्यांच्या आत पुरुषच हवा! हे मला इतकी वर्षं खटकलं कसं नाही, याचंच आश्चर्य वाटतं. भाची ड्यूटीवरून आली की परसात जाऊन पावलं टाकायची, इतकंच. एके संध्याकाळी तिने मला विचारलं, "आत्या, मी नाही घेतली तर बाबांच्या हयातीत पेटी घराबाहेर जाईल. ते सहन करतील का गं?"

त्याच सुमारास ते पुस्तक सापडलेलं. हॅटवाला गडी वाचता वाचता मी तुमची आजी आठवू लागले, एकेक गोष्ट क्रमाने. आणि एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. सुरुवातीला तुमची आजी ताठ होती. विहिरीवर, बाजारात ऐकून शोध लावायची. त्या बोहाड्यानंतर शाळा पुन्हा भरली आणि पहिल्याच शनिवारी ती कमरेत वाकलेली! तिला मान वर करता येत नाही, माणसांची तोंडं दिसत नाहीत, म्हणून ती नुसते पाय बघते. चिखल कुठला, भेगा कसल्या, चप्पल घालणारा की अनवाणी. त्यानंतरची प्रत्येक गोष्ट तिने पायांवरून सोडवली. आम्हाला वाटलं, म्हातारी आणखी म्हातारी झाली. बाई, तुम्ही मला विचारत होतात ना? शनिवारमागून शनिवार, सगळ्या वर्गासमोर, फक्त मला?

मी पुस्तक मिटलं, डोळे मिटले आणि तांब्या धरून पुन्हा देवळापुढे उभी राहिले. तोंडाकडे बघायचं नाही म्हटलं. पाणी पडतंय, धूळ वाहून जातेय. टाचेला एक भेग नाही. दगडाने पाऊल सोललंय, नव्याने अनवाणी चाललेल्या माणसाचं सोलतं तसं. आणि अंगठ्याशेजारच्या बोटावर, दोन्ही पायांना, फिकट वळ. काढून ठेवलेल्या जोडव्यांचे. तेव्हा गावात जोडवी घालणाऱ्या बायका मोजक्या, त्या सगळ्या माझ्या डोळ्यांसमोर उभ्या होत्या. त्या सकाळी तिथे नव्हतात त्या फक्त तुम्ही. मुलांना घेऊन दर साली देवळाच्या पायरीवर उभ्या राहणाऱ्या तुम्ही. आईच्या हळदीचं कारण मला एवढ्या उशिरा कळलं.

मला त्या क्षणी काय वाटलं, ते नीट सांगता येत नाही. आनंद झालाच. तुम्ही काय म्हणून ते केलंत, बाने खाटेवरून तुम्हाला पावलं शिकवली तेव्हा तुम्हाला हसू आलं का, त्या मुखवट्याच्या नाकपुड्यांच्या भोकांतून जग कसं दिसलं, असे शंभर प्रश्न सुचले. पण पाठोपाठ दुसरंही ध्यानात आलं. आई नाचली असती तर भाचीचं काम झालं होतं. घरच्या बाईने नाचलेलं सोंग घरची बाई पुन्हा नाचेल, कोण अडवणार? पण तुम्ही परक्या. परक्याने आमचं सोंग घेतलं, याचा अर्थ आमचा मान त्याच साली तुटला. म्हणजे खरं बोलावं तर भाचीची वाट उघडते आणि घराचं दार लागतं. पुस्तकांतल्या त्या म्हाताऱ्या शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून भराभर उलगडा करतात. त्यांच्या मागे कुणाच्या घरची पेटी नसते.

बैठक देवळातच भरली. चुलतभाऊ तेच म्हणाला, दोन म्हातारे त्याच्यामागे बोलले. भाची खांबाशी उभी, ओठ घट्ट मिटलेले. मी उठले तेव्हा काय बोलणार, हे मलाच ठाऊक नव्हतं. तोंडातून निघाला तो तुमचा प्रश्न.

"माझ्या बाचा पाय मोडला त्या साली त्राटिका कोण नाचलं?"

"सूर्यमाळचा मामा," एक जण म्हणाला. "नाय, ती देवीच होती," दुसरा.

"बघितलंत, की ऐकलंत?"

मी म्हटलं, "मुखवट्यात कोण होतं, हे तुम्हाला कुणालाच ठाऊक नाही. मग बाईमाणसाचा पाय आजवर पडलाच नाही, हे कशावरून?"

चुलतभाऊ हसला. "म्हंजे तुझी आय नाचली म्हनतीस?"

"आई पाय धूत होती. ते सगळ्यांनी बघितलं."

"मंग घरात दुसरी बाई कुठली? भायेरचं माणूस असंल तर मान तवाच तुटला. तूच सांगून बसलीस."

मी एवढी हुशारी करून स्वतःच्याच दाराला कडी घातली होती. तेवढ्यात काका काठी टेकत उठले. "भायेरचा नाय. घरचाच माणूस होता. मी तोंडापुढं उभा ऱ्हाऊन वाजवीत होतो. संबळाची शपथ, मी खोटा बोलन का?"

"कोन होता तं सांगा ना."

"ते हिच्या आयनं माला सांगू नको म्हनलं. ती मेली म्हनून काय शब्द मेला?"

काकांच्या संबळाशिवाय गावचं एकही सोंग उठलेलं नाही. त्यांच्यापुढे कोण बोलणार? म्हातारे एकमेकांकडे बघू लागले, कुणी तरी खाकरलं आणि ठरलं, पोरीने भाकर खावी, सोंग घ्यावं. भाचीने भर देवळात मला मिठी मारली. मी मात्र काकांकडे बघत होते. माझ्यासाठी ते खोटं बोलले, असंच मला वाटत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं.

बोहाड्याच्या आदल्या दुपारी मी चुलीवर भाकऱ्या थापायला बसले. गॅस आहे आता, पण या एका दिवशी चूलच लागते. पहिली भाकर देवाला दाखवली आणि भाचीला हाक मारली. ती भिंतीकडे पाठ करून बसली आणि दोन्ही हातांनी भाकर मोडायला लागली. "दोन हातांनी नको मोडू," मी म्हटलं, आणि माझ्याच आवाजात मला आईचा आवाज ऐकू आला. तीच जागा, तीच भिंत. मी लहान आहे, शेळ्या लवकर परत घेऊन आलेय, दारात शहरी चपला आहेत. आत अंधार, धूर. चुलीपाशी बसलेल्या बाईची लांब वेणी मला दिसते. आणि आई, जी तुम्हाला जन्मभर 'बाई, तुम्ही' म्हणाली, ती म्हणतेय, "दोन हातानं नको मोडू गं, एका हातानं मोड, आपल्यात तसं खात्यात." आपल्यात म्हणाली, बाई. मग मला बघून तिने मला पाण्याला पिटाळलं.

काका खोटं बोलले नव्हते. आईने आधी तुम्हाला चुलीपाशी बसवलं, देवासमोर भाकर खायला घातली, घरचं करून घेतलं आणि मगच सोंग दिलं. तिला रीत मोडायची नव्हती. मान तुटलाच नाही. पाय मी आठवले, पण त्याआधीची भाकर विसरूनच गेले होते. तुमच्या आजीने असा अर्धा शोध चालवून घेतला नसता. मी चुलीपुढे रडायला लागले तेव्हा भाची म्हणाली, "धूर लागला का आत्या?" मी हो म्हटलं.

सकाळी ती नाचली. बापासारखीही नव्हे आणि तुमच्यासारखीही नव्हे, तिची तीच. भाऊ खुर्चीवर बसून खुर्चीच्या दांडीवर ठेका धरत होता. देवळापुढे मी वाकले, पाणी घातलं. तिच्या टाचा मऊ, दिवसभर बुटांत राहणाऱ्या. मी हळद घेतली आणि आईसारखीच सगळ्या बोटांवरून थापली. लपवायचं तर काहीच नव्हतं.

परवा बाजारच्या दिवशी काकांकडे गेले होते. नवं पुस्तक उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं. "त्या दिशी भाकर करताना तुला कायतरी समजला, व्हय ना? आता इचार. आता सांगन मी. नायतर मी जाईन आन् ऱ्हाऊन जाईल." मी म्हटलं, "नको काका, गोष्ट ऐका." ते हसले. "तुझी बाई पन अशीच. शेवटला कधी सांगायची नाय." तुझी बाई, असं ते म्हणाले, बाई. त्यात उत्तर होतं की नव्हतं, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होते.

हे पत्र जव्हारच्या त्या पुस्तकात, शेवटच्या प्रकरणाच्या आधी घालून ठेवते. रद्दीतून ते मी सोडवून आणलंय, म्हणजे आता ते कुठे जाणार नाही. आणि एकच गोष्ट सांगते, तुम्ही असतात तर यासाठी मला बाकावर उभं केलं असतं. काकांना मी विचारत नाही, कारण मला भीती वाटते. पाय बघितले, भाकर बघितली, तरी त्यांनी दुसरंच कुणाचं नाव घेतलं तर? बघितलंस की ऐकलंस, असं विचारू नका या एका वेळी. ते पाय मला तुमचेच हवे आहेत.